बोनेअरमध्ये स्नॉर्केलिंग: किनाऱ्यावरून पाण्यात उतरणाऱ्यांसाठी

कॅरिबियन समुद्रातल्या बोनेअर बेटाचा पश्चिम किनारा पहिल्यांदा पाहिला की हा समुद्र नसून तळं आहे असंच वाटतं. लाट नाही, फेस नाही, कंबरभर पाण्यात उभं राहिलं तर पायाची नखं दिसतात. ही शांतता वाऱ्याची करामत आहे, आणि वारा नीट समजून घेतला नाही तर तीच घात करते.

बेटावर जवळजवळ वर्षभर पूर्वेकडून व्यापारी वारे वाहतात. पूर्व किनाऱ्यावर ते थेट आदळतात, म्हणून तिकडे लाटा उसळतात. पश्चिमेला बेटाचा आडोसा मिळतो, पण वारा थांबलेला नसतो. तो जमिनीवरून येऊन तुमच्या पाठीवरून समुद्राकडे चाललेला असतो, मतलई वाऱ्यासारखा. फरक एवढाच की मतलई ऊन चढलं की पडतो आणि हा दिवसभर चालू राहतो. काठाजवळ पाणी सपाट दिसतं. शे-दीडशे मीटर आत गेलं की वारा अंगाला लागतो, लहान लाटा उठायला लागतात आणि हातपाय न हलवता तरंगणारा माणूस हळूहळू बाहेर सरकत जातो. पश्चिमेला पुढचा किनारा कुरासाओचा आहे, तोही सुमारे ५० किलोमीटरवर. म्हणून हवा भरलेल्या गाद्या, रिंगा, फुगवलेले प्राणी यांना इथे काहीच काम नाही. त्या शिडासारख्या वारा धरतात.

सुदैवाने बाहेर जायची गरजही नसते. इथलं प्रवाळ काठाला लागूनच आहे. आधी प्रवाळाच्या तुकड्यांचा खडबडीत पट्टा, मग ३ ते ५ मीटर खोलीवर वाळू आणि त्यात डोलणारे मऊ प्रवाळ, आणि साधारण १० मीटरच्या आसपास उताराची कड. कडेपलीकडे तळ झपाट्याने खाली जातो आणि पाण्याचा फिका निळसर हिरवा रंग बदलून गडद निळा होतो. ती रंगाची रेघ ही तुमची हद्द. स्नॉर्केलरला, म्हणजे मास्क आणि श्वासाची नळी लावून पाण्यावर पालथं तरंगत खाली बघणाऱ्याला, दिसण्यासारखं जवळपास सगळं रेघेच्या अलीकडेच असतं.

जायच्या आधी

पाणी वर्षभर २६ ते २९ अंशांच्या आसपास असतं. बेट १२ अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे चक्रीवादळांच्या नेहमीच्या वाटेच्या दक्षिणेला आहे. तरी सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये उत्तरेकडून एखादं वादळ सरकलं की वारा पडतो किंवा उलटा फिरतो, आणि मग पश्चिम किनाऱ्यावरच लाटा फुटायला लागतात. असे दिवस थोडे असतात, पण त्या दिवशी पाण्यात उतरायचं नाही. प्रवाळाच्या तुकड्यांनी भरलेल्या काठावर मांडीएवढी लाटसुद्धा माणसाला उभं राहू देत नाही. ऑक्टोबर ते जानेवारी सरींचा काळ. मोठी सर येऊन गेली की काठाजवळचं पाणी काही तास गढूळ राहतं, तेवढं थांबा.

बोनेअर २०१० पासून नेदरलँड्सची विशेष नगरपालिका आहे, पण शेंगेन या युरोपच्या सामाईक व्हिसाच्या क्षेत्रात येत नाही. त्यामुळे व्हिसाचे नियम युरोपातल्या नेदरलँड्सपेक्षा वेगळे असतात, ते तिकीट काढण्याआधी पाहा. चलन २०११ पासून अमेरिकन डॉलर. खर्चात दोन गोष्टी धराव्या लागतात: प्रौढ पर्यटकाला ७५ डॉलरचा प्रवेशकर, आणि पाण्यात उतरणाऱ्याला ४० डॉलरचं निसर्गशुल्क, जे कॅलेंडर वर्षभर चालतं. दोन्ही ऑनलाइन भरता येतात. रकमा अधूनमधून बदलतात, म्हणून भरताना अधिकृत साइटवर खात्री करा आणि पावती फोनमध्ये ठेवा, कारण रेंजर विचारू शकतात. बेटाभोवतीचा सगळा समुद्र भरतीच्या रेषेपासून ६० मीटर खोलीपर्यंत १९७९ पासून सागरी उद्यान आहे. ते स्टिनापा ही संस्था सांभाळते. उद्यानात हातमोजे घालायला मनाई आहे. कारण साधं आहे: मोजे असले की माणूस बिनधास्त प्रवाळाला धरतो. शंख, मेलेल्या प्रवाळाचा तुकडा, काहीही उचलून न्यायचं नाही, आणि माशांना खायला घालायचं नाही.

ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनोक्सेट ही रसायनं असलेलं सनस्क्रीन इथे चालत नाही. झिंक ऑक्साइडचं आणा, पण त्यावर फार विसंबू नका. स्नॉर्केलिंगमध्ये माणूस तासभर पालथा असतो आणि ऊन पाठ, मान, गुडघ्यांची मागची बाजू आणि पोटऱ्यांवर पडतं. लांब बाह्यांचा रॅशगार्ड (पोहताना घालायचा अंगाबरोबर बसणारा शर्ट) आणि घोट्यापर्यंतच्या लेगिंग्ज घातल्या की क्रीम फक्त मानेला, कानांना आणि हातांच्या मागच्या बाजूला लागतं.

मास्क

फिन्स (पोहताना पायात चढवायची रबरी वल्ही) भाड्याने घेतले तरी चालतात. मास्क स्वतःचा असावा, कारण सहलीचा निम्मा विचका गळक्या मास्कनेच होतो. दुकानात पट्टा पुढे टाकून मास्क नुसता चेहऱ्यावर टेकवा, केस आत येऊ देऊ नका, नाकाने हळूच श्वास आत ओढा आणि हात सोडा. मास्क पाच सेकंद चिकटून राहिला तर तो तुमचा. कुठून हवा शिरली तर दुसरा बघा. पट्टा आवळून ती फट भरत नाही. उलट जास्त आवळल्याने सिलिकोनची कड दुमडते आणि तिथूनच गळती सुरू होते. पट्टा डोक्याच्या मागच्या उंचवट्यावर, कानांच्या वर बसवावा. मिशी असेल तर नाकाखालून थोडं पाणी येणारच. त्यासाठी सिलिकोन ग्रीसचं बोट फिरवा किंवा मिशीचा वरचा काठ पातळ करून घ्या.

नव्या मास्कच्या काचेवर कारखान्यातून आलेला पातळ थर असतो. तो काढला नाही तर काच धुरकट होऊ नये म्हणून मारायचा कुठलाही स्प्रे उपयोगी पडत नाही. साधी पांढरी टूथपेस्ट (जेल नको) काचेच्या आतल्या बाजूला बोटाने दोन मिनिटं चोळा, धुवा, आणि हे तीन-चार वेळा करा. हे फक्त खऱ्या काचेला. प्लॅस्टिकवर ओरखडे पडतात. मग रोज पाण्यात उतरण्यापूर्वी बेबी शॅम्पूचा पातळ केलेला थेंब आत पसरवायचा आणि समुद्राच्या पाण्यात एकदा खळबळून टाकायचा. शॅम्पू नसेल तर थुंकी. ती कोरड्या काचेवर लावा. ओल्या काचेवर टिकत नाही. चष्मा असणाऱ्यांसाठी नंबरच्या तयार काचा बसणारे मास्क मिळतात. पाण्यात वस्तू मुळातच सुमारे एक तृतीयांश मोठ्या दिसतात, त्यामुळे नंबर थोडा कमी असला तरी चालून जातं.

अख्खा चेहरा झाकणारे मास्क सोपे वाटतात, पण इथे टाळलेले बरे. त्यात नाक चिमटता येत नाही, म्हणून बुडी मारताना कान मोकळे करता येत नाहीत. आत सोडलेली हवा साचून राहू शकते. आणि घाबरल्यावर तोंडातली नळी थुंकून टाकायला एक क्षण लागतो, हा मास्क उपसायला बराच वेळ जातो.

नळी साधी, ३५ ते ४० सेंटिमीटरची पुरते. लांब नळीत वापरलेलीच हवा पुन्हा आत येते. वरच्या टोकाला पाणी अडवणारी झडप असली तर बरी, पण तिच्यात मीठ सुकलं की ती अडकते आणि श्वास मध्येच बंद झाल्यासारखा वाटतो. तसं झालं तर नळी काढून डोकं वर घ्या, ओढत बसू नका. नळीत पाणी शिरलं की "थू" म्हणतो तसा एकच जोरदार फुंकर मारा. हळू फुंकलं तर हवा पाण्याच्या बाजूने निघून जाते आणि पाणी तिथेच राहतं. फुंकरीनंतरचा पहिला श्वास नेहमी सावकाश घ्या.

पायांसाठी जाड तळव्याच्या बुटीज (पाण्यात घालायचे मऊ बूट) आणि त्यावर चढणारे, मागे पट्टा असलेले उघड्या टाचेचे फिन्स. वाळूच्या बेटांवर चालणारे अनवाणी पायाचे फिन्स इथे उपयोगाचे नाहीत, कारण काठ धारदार आहे आणि कपारींतून काळे लांब काट्यांचे समुद्री साळिंदर बसलेले असतात. ज्यांना पोहण्याची खात्री नाही त्यांनी तोंडाने फुगवायचं स्नॉर्केल जॅकेट घालावं आणि त्यात अर्धीच हवा भरावी. पूर्ण भरलं तर छाती वर उचलली जाते, पाय बुडतात आणि मान दुखते.

पाण्यात उतरताना

किनारी रस्त्याला लागून पिवळे रंगवलेले दगड दिसतात, त्यांवर जागेचं नाव लिहिलेलं असतं. समोर पाण्यात बहुतेक वेळा एक बोया तरंगतो. पाण्यात पाय टाकण्याआधी पाच मिनिटं काठावर उभं राहा. बांधलेल्या बोटींची तोंडं कुठे आहेत, बोयाची दोरी कुठे झुकली आहे ते बघा. प्रवाह बहुधा किनाऱ्याला समांतर, उत्तरेकडे नाही तर दक्षिणेकडे वाहतो आणि तो एका दिवसात बदलूही शकतो. ज्या बाजूने प्रवाह येतो तिकडे आधी पोहायचं, दमायच्या आत वळायचं आणि प्रवाहाबरोबर परत यायचं. आधी प्रवाहाबरोबर मजेत जाऊन मग उलटं पोहत येण्याचा प्रयत्न करणारेच बहुतेक अडचणीत येतात. प्रवाहाविरुद्ध पोहताना हात फार मारावे लागले तर त्या दिवशी ती जागा सोडा.

मास्क चेहऱ्यावर, नळी तोंडात, फिन्स हातात घेऊन दोघांनी मिळून शिरा. पाय उचलून टाकू नका, सरकवा. दगडावर शेवाळ असतं, म्हणून प्रत्येक पाऊल पक्कं बसल्यावरच दुसरं पुढे. पाणी कंबरेला लागलं की एकाने दुसऱ्याच्या खांद्याला धरून एक फिन चढवायचा, मग दुसरा, मग अदलाबदल. लगेच पालथं व्हा आणि हात पुढे करून तरंगत बाहेर पडा. फिन्स घालून उभं राहून चालायला गेलं की पडायला होतं. परत येताना हेच उलटं: पोट तळाला लागेल इतक्या उथळ पाण्यापर्यंत पोहत या, बसा, फिन्स काढा, मग उठा. गुडघाभर पाण्यात घाईने उभं राहणं हे इथल्या खरचटलेल्या गुडघ्यांचं मुख्य कारण.

निघण्यापूर्वी काठावरची एक ठळक खूण हेरून ठेवा: तुमच्या पिकअप ट्रकचा रंग, एकटं झाड, पिवळा दगड. दर पाच मिनिटांनी डोकं वर काढून ती बघायची. पाण्यात खाली बघत असताना आपण किती सरकलो ते कळत नाही.

कुठून सुरुवात करायची

पहिल्या दिवशी विमानतळासमोरचा ‘ते आमो’ नावाचा किनारा. वाळूचा काठ, सोपा उतार, सावली. त्याच्या दक्षिणेला विंडसॉक आहे, तिथे मऊ प्रवाळ आणि कासवं बरी दिसतात. या दोन जागांवर सराव झाल्याशिवाय उत्तरेकडे जाण्याची घाई नको.

पोहता न येणाऱ्यांसाठी आणि मुलांसाठी पूर्वेकडच्या लाक बे या खाडीतलं सोरोबोन. पूर्व बाजू असूनही ते चालतं, कारण खाडीच्या तोंडावर प्रवाळाचा बांध आहे, त्यावर लाटा फुटतात आणि आत कंबरभर पाणी राहतं. खाली समुद्री गवत आणि वाळू आहे; वाळूत पाकट दडून बसतात, त्यामुळे इथेही पाय सरकवतच चाला. विंडसर्फिंग करणारे सुसाट येतात, त्यांच्या वाटेत जाऊ नका. बांधावरून आत आलेलं पाणी ज्या वाटेनं बाहेर पडतं, तिकडे, म्हणजे खाडीच्या तोंडाकडे कधीच नाही. कांदळवनाच्या बाजूला तळाशी उलट्या झोपलेल्या जेलीफिश असतात. त्यांचा चिकट स्राव पाण्यात पसरला तरी अंगाला खाज सुटते.

उत्तरेकडच्या १००० स्टेप्स या जागेच्या पायऱ्या प्रत्यक्षात सत्तरच्या आसपास आहेत. परत चढताना, अंगावर ओलं सामान घेऊन, नावाचा अर्थ कळतो. प्रवाळ इथे दाट आहे, काठ मात्र खडबडीत. त्यापुढचा रस्ता उत्तरेकडे कारपातापर्यंत एकेरी आहे. एखादी जागा मागे राहिली तर वळता येत नाही, रिन्कोन गावावरून मोठा फेरा घालून यावं लागतं. म्हणून आधी नकाशावर क्रम ठरवा.

दक्षिणेला मिठागरांजवळचा सॉल्ट पिअर म्हणजे समुद्रात उभ्या खांबांचं जंगल. खांबांवर स्पंज आणि प्रवाळ, त्यांच्यामध्ये माशांचे थवे. मीठ भरायला जहाज लागलेलं असेल तर तिथे उतरायचं नाही. सूर्य डोक्यावर आला की खांबांमधून उजेडाचे पट्टे खाली उतरतात, तेव्हा जावं.

समोरचं क्लाइन बोनेअर सुमारे ६ चौरस किलोमीटरचं निर्मनुष्य बेट आहे. क्रालेनडाइक या बोनेअरच्या मुख्य गावाहून वॉटर टॅक्सी नेते, नो नेम बीचवर सोडते. मागितलं तर प्रवाहाच्या वरच्या बाजूला उतरवते, आणि तुम्ही वाहत वाहत त्या किनाऱ्यावर येता. यात फिन्स फारसे हलवायचेच नाहीत. पण किनाऱ्याच्या खुणेआधीच काठाकडे तिरकं वळायला लागा. किनारा चुकला तर पुढे परत यायला जड जातं. बेटावर सावली, पाणी, शौचालय काही नाही. माणशी किमान दीड लिटर पाणी न्या आणि परतीच्या फेरीची वेळ नावाड्याला दोनदा विचारा. क्रूझ जहाजं धक्क्याला असतील त्या दिवशी इथे गर्दी असते.

बघायचं कसं

बहुतेक लोक मासे बघायला वेगाने पोहत जातात आणि फक्त पळणाऱ्या शेपट्या बघून येतात. एका जागी थांबा. पोपटमासा प्रवाळावर चोच घासतो त्याचा करकर आवाज पाण्यात स्पष्ट ऐकू येतो. त्या आवाजाच्या दिशेने बघितलं की सापडतो. तो चावलेला चुनखडीचा भुगा मागून वाळू म्हणून सोडतो. मऊ प्रवाळाच्या उभ्या काठ्यांमध्ये एखादी काठी डोलत नसेल तर ती काठी नाही, डोकं खाली करून उभा राहिलेला ट्रंपेटमासा आहे. समुद्रपंख्यांवर नखाएवढी, नारिंगी-पिवळ्या ठिपक्यांची गोगलगाय शोधा. वाळूत रिकाम्या शिंपल्यांचा छोटा ढीग दिसला तर त्यामागच्या भोकात अष्टपाद असू शकतो. ख्रिसमस ट्री वर्म नावाचे रंगीत पिसासारखे किडे तुमची सावली पडली तरी क्षणात आत जातात, म्हणून सूर्य पाठीशी घेऊन जाऊ नका.

कासवाला वर येऊन श्वास घ्यायचा असतो. त्याच्या आणि पृष्ठभागाच्या मध्ये जाऊ नका. बाजूला राहा, मागे लागू नका. चरत असेल तर ते बराच वेळ तिथेच राहतं.

बुडी मारायची असेल तर दोन-तीन मीटरवरच कान दुखायला लागतात. दुखण्याआधी नाक चिमटून हळूच फुंका. बुडीआधी भराभर श्वास घेणं जिवावर बेततं. त्याने शरीरातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, श्वास घ्यायची निकड उशिरा वाटते आणि ऑक्सिजन संपून माणूस वर येताना शुद्ध हरपतो. दोन-तीन सावकाश श्वास, एक बुडी, मग बुडीच्या निदान दुप्पट वेळ विश्रांती. एकाने बुडी मारताना दुसऱ्याने वरून बघत राहायचं.

काय बिघडतं

मोहरीच्या रंगाचं, पांढऱ्या टोकांचं फायर कोरल अंगाला घासलं तर भाजल्यासारखी आग होते. जागा समुद्राच्या पाण्यानेच धुवा, वर व्हिनेगर लावा. गोडं पाणी लावलं तर न फुटलेल्या दंशपेशी फुटतात. साळिंदराचा काटा रुतला तर सुईने कोरू नका, तो आत मोडतो. सोसेल इतक्या गरम पाण्यात अर्धा तास पाय बुडवून ठेवा. सांध्याजवळ रुतला असेल तर डॉक्टर गाठा. पोटरीत गोळा आला की उताणे व्हा आणि फिनचं टोक धरून स्वतःकडे ओढा. वाऱ्याने बाहेर ढकललं गेलंच, तर थेट उलटं झुंजण्यापेक्षा तोंड किनाऱ्याकडे ठेवून लांब, संथ, कमरेपासून मारलेल्या लाथा मारा आणि चेहरा पाण्यातच ठेवा, वर काढला की वेग कमी होतो. रुग्णवाहिकेचा क्रमांक ९१२, तटरक्षक दलाचा ९१३.

किनाऱ्यावर उभ्या केलेल्या ट्रकमधून चोऱ्या होतात. आत काही ठेवू नका आणि काचा उघड्या ठेवा, म्हणजे निदान फुटणार तरी नाहीत. किल्ली जलरोधक नळीत घालून गळ्यात अडकवा. रिमोटची इलेक्ट्रॉनिक किल्ली पाण्यात नेऊ नका. गाडी घेतानाच साधी किल्ली आहे का विचारा.

प्रवाळाची पेशी गळवणारा एक रोग २०२३ मध्ये बोनेअरला आढळला. त्यामुळे एखाद्या जागेवर बंदीचा फलक दिसला तर तो पाळायचा, आणि एका जागेहून दुसरीकडे जाताना सामान धुवून कोरडं करायचं. संध्याकाळी मास्क, नळी, बुटीज गोड्या पाण्यात दहा मिनिटं बुडवा, नळीची खालची झडप बोटाने हलवून आतली वाळू जाऊ द्या, आणि सगळं सावलीत वाळवा. उन्हात ठेवलेलं सिलिकोन पिवळं पडतं.